माजी आमदार लॉबिस्ट झाला की नेमकं काय विकतो?

लॉबिस्ट म्हणजे पैसे घेऊन कायदे करणाऱ्यांपुढे कुणाची तरी बाजू मांडणारा माणूस. अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांबद्दल बोलताना हा प्रश्न हमखास येतो: वर्षानुवर्षं आमदारकी केलेला माणूस दुसऱ्या वर्षी त्याच इमारतीत कंपन्यांची वकिली करतो, हे कायद्यात बसतं कसं, आणि त्याला पैसे मिळतात ते कशाचे? कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊ. तिथले नियम लेखी आणि स्पष्ट आहेत. (आपल्याकडे लॉबिस्टच्या नोंदणीचा कायदाच नाही, त्यामुळे तुलना तिथेच संपते.)

कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, लॉबिस्टांना 'तिसरं सभागृह' म्हणतात. पहिली दोन म्हणजे 80 जणांची असेंब्ली आणि 40 जणांचं सिनेट. पद सुटल्यावर माजी सदस्याला वर्षभर पैसे घेऊन विधिमंडळापुढे कुणाची बाजू मांडता येत नाही. मात्र बंदी आहे ती विधिमंडळाशी बोलण्यावर. पडद्यामागून सल्ला देणं, कुणाला कधी भेटायचं हे ठरवून देणं, सरकारी खात्यांकडे जाणं, हे सगळं चालतं. म्हणून पहिल्या वर्षी कार्डावर 'सल्लागार' छापलेलं असतं. घोळ होतो तो जुन्या सहकाऱ्याला सहज केलेल्या फोनवर. त्यात अशिलाच्या विधेयकाचा विषय निघाला, की नियम मोडला.

वर्ष सरलं की नोंदणी. थेट संपर्काच्या कामाचे महिन्याला 2,000 डॉलर मिळू लागले, की माणूस कायद्याने लॉबिस्ट ठरतो. नीतिनियमांचा अभ्यासक्रम सक्तीचा आणि दर तिमाहीला हिशेब. विधेयक मंजूर झालं तरच फी, असा सौदा करता येत नाही. लॉबिस्टने आमदाराला द्यायच्या भेटवस्तूची मर्यादा महिन्याला 10 डॉलर. 1974 मध्ये हे नियम आले, तेव्हा तिचं वर्णन 'दोन हॅम्बर्गर आणि एक कोक' असं व्हायचं. आज दहा डॉलरला तेवढी किंमत उरलेली नाही.

आता विकतो काय? लोकांना वाटतं, ओळखी. ओळखी लवकर शिळ्या होतात. 1990 मध्ये मतदारांनी कारकिर्दीला मर्यादा घातली. त्या मोहिमेचा रोख बराचसा विली ब्राऊन यांच्यावर होता, ते तेव्हा दहा वर्षं असेंब्लीचे सभापती होते. 2012 च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोन्ही सभागृहं मिळून 12 वर्षांची झाली. म्हणजे बाकावर शेजारी बसणारेही काही वर्षांत घरी जातात. टिकतो तो समित्यांचा कर्मचारीवर्ग. विधेयकाचं विश्लेषण तेच लिहितात आणि सदस्य बहुतेकदा तेवढंच वाचून येतात.

खरी किंमत आहे विधेयक कुठे अडतं हे कळण्याला. असेंब्लीच्या विनियोजन समितीत, म्हणजे विधेयकांचा खर्च तपासणाऱ्या समितीत, दीड लाख डॉलरपेक्षा जास्त खर्चाचं विधेयक 'सस्पेन्स' यादीत, म्हणजे निर्णय राखून ठेवलेल्यांच्या यादीत, टाकतात. मग मे आणि ऑगस्टमध्ये एकेका दिवशी शेकडो विधेयकांचा निकाल लागतो. अध्यक्ष क्रमांक वाचतात, 'मंजूर' किंवा 'रोखलं' म्हणतात आणि पुढे जातात. चर्चा नाही, साक्ष नाही. त्या दिवशी सभागृहात येऊन बसणाऱ्या लॉबिस्टच्या हातात काहीच नसतं. काम आधीच झालेलं असावं लागतं.

ते काम असं. विधेयकात 'खातं अहवाल तयार करील' असं असेल, तर खातं माणसांचा पगार धरून खर्च दाखवतं. तिथे 'तयार करू शकेल' केलं किंवा 'अर्थसंकल्पात तरतूद झाल्यास' एवढे तीन शब्द जोडले, की अंदाजित खर्च उतरतो. कधीकधी तेवढ्यावर विधेयक तगतं. अर्थात 'करू शकेल' म्हटल्यावर खातं काही करेलच असं नाही, आणि अशिलाला ते आधीच सांगावं लागतं. दुरुस्ती मागताना 'कलम सौम्य करा' म्हणून भागत नाही. अमुक पान, अमुक ओळ, हा शब्द काढा, हा घाला, असा कागद द्यावा लागतो.

एवढं माहीत असूनही कित्येक माजी सदस्य या धंद्यात कच्चे निघतात. वर्षानुवर्षं लोक त्यांच्या दाराशी थांबलेले असतात. आता पंचविशीतल्या कर्मचाऱ्याची दहा मिनिटं मिळावीत म्हणून त्यांनी बाहेर थांबायचं असतं. समितीत दोन मुख्य साक्षीदार बोलून झाले, की उरलेल्यांनी रांगेत उभं राहून माइकवर फक्त नाव, संस्था आणि 'पाठिंबा' की 'विरोध' एवढंच सांगायचं. जुन्या सवयीने तिसरं वाक्य सुरू केलं, की अध्यक्ष तोडतात.