मोडाची नाचणी, बाळाच्या पहिल्या वाटीसाठी

उष्टावणाला मामाने चाटवलेल्या खिरीची फार काळजी करू नका. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी येतो: आता वाटीत काय? आपल्याकडे बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं आहे, नाचणीचं सत्त्व. कुणी नाचणी म्हणतं, नाशिककडे नागली म्हणतात, पण बाळासाठी पहिली आठवते ती हीच. मात्र ‘सत्त्व’ या एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ बनतात.

एक रीत अशी: मोड आलेली नाचणी ओलीच वाटायची, पंचातून दूध गाळायचं, ते निवळलं की वरचं पाणी ओतून तळाचा साका वाळवायचा. हा साका मऊसूत आणि पचायला हलका असतो, आज्यांना तो आवडतो यात नवल नाही. पण १०० ग्रॅम नाचणीत जे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यातलं बरंचसं सालात असतं. साल चोथ्यात गेली की खाली उरतं ते मुख्यतः स्टार्च. दुसरी रीत म्हणजे मोड आणून वाळवायचं, हलकं भाजायचं, दळायचं आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचं. पहिले चार-पाच दिवस साका द्यायला हरकत नाही, पण महिनोन् महिने त्यावरच बाळ ठेवू नये. रोजच्या वाटीसाठी दुसऱ्या रीतीचं पीठच हवं, असं माझं ठाम मत आहे.

एका वेळी अर्धा किलोच करा. रोज १५ ग्रॅम पीठ लागलं तर महिन्याला ४५० ग्रॅम होतं, आणि अर्ध्या किलो नाचणीचं चाळून चारशे ग्रॅमच्या आसपास उतरतं. म्हणजे एक खेप जवळपास महिनाभर पुरते. दोन किलो करून ठेवलं की शेवटचा डबा खवट निघतो किंवा त्यात जाळी धरते.

नाचणी किराणा दुकानातली, खायची म्हणून विकलेलीच घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असू शकतं. नाचणीत बारीक रेती असते, म्हणून नुसती धुऊन चालत नाही, रोळून घ्यावी लागते. पसरट पातेल्यात पाणी घालून गोल हलवायची आणि वरची वरची नाचणी पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात ओतायची. रेती तळाला राहते. असं पाच-सहा पाण्यांतून काढा. शेवटी तळाची चिमूटभर नाचणी बोटांत चुरून पाहा, कचकच लागली तर आणखी एकदा.

मग ८ ते १० तास भिजत ठेवा. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास धरतो. पाणी पूर्ण निथळू द्या आणि ओल्या सुती फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल. दिवसातून दोनदा पाण्याचा हबका पुरे. उन्हाळ्यात २४ तासांत पांढरं टोक दिसतं, थंडीत ३६ ते ४८ तास लागतात. मोड पाव सेंटिमीटरचा झाला की थांबा. लांब मोडांना कडवट चव येते. फडकं सोडल्यावर दाणे बुळबुळीत लागले, तार सुटली किंवा कुबट वास आला तर सगळं टाकून द्या. धुऊन, उन्हात घालून ते सुधारत नाही. पाणी नीट न निथळणं किंवा पुरचुंडी घट्ट बांधणं, बहुतेक वेळा कारण यांतलंच एक असतं.

वाळवण एक-दोन दिवस, सुती कापडावर पातळ पसरून. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. चेपला तर आत ओल आहे, आणि ओल्या दाण्याचं पीठ आठवड्यात बुरसतं. पावसाळ्यात हे करूच नये. जूनआधी एक खेप करून फ्रीजमध्ये ठेवा, पुढे साधं नाचणीचं पीठ किंवा मुगाच्या डाळीची पातळ खिमट द्या. वाळल्यावर तळहातांत चोळून सुपात पाखडा, सुकलेले मोड उडून जातात.

भाजताना घाई नको आणि जास्तही नको. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटं, खमंग वास यायला लागला की लगेच ताटात काढा. कारण मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारं एक पाचक द्रव्य तयार होतं. फार भाजलं की ते मरतं. तेच द्रव्य पेज पातळ करतं, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं. बाळाचं पोट एवढंसं, त्यात पाणी कमी आणि अन्न जास्त जावं हाच मोड आणण्याचा मोठा फायदा आहे. शिवाय लोह आणि कॅल्शियम अडवून धरणारा फायटेटचा भागही मोडांमुळे कमी होतो.

शिजवायचं असं: दोन सपाट मोठे चमचे पीठ १५० मिली गार पाण्यात आधी नीट कालवा. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होणारच. मंद आचेवर सतत ढवळत राहा, कारण ते पाचक द्रव्य हळूहळू तापतानाच काम करतं. एकदम मोठी आच दिली तर त्याला वेळच मिळत नाही. उकळी फुटल्यावर आणखी ५ ते ७ मिनिटं शिजवा. कच्ची पेज मातकट, खडूसारखी दिसते. शिजली की गडद होते, चकाकते आणि कच्चा वास जातो. अर्धा चमचा साजूक तूप घाला. गार होताना ती घट्ट होते, तेव्हा अंगावरचं दूध किंवा उकळलेलं पाणी घालून सैल करा. चमचा कलता केल्यावर पेज हळू घरंगळली पाहिजे. पाण्यासारखी ओघळू नये.

पहिल्या वर्षात मीठ, साखर, गूळ नको. मध तर अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नाही. मधात बोट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतलं आतडं त्यांना रोखू शकत नाही. घरातल्या मोठ्यांशी यावरून वाद होतो, तरी इथे मागे हटू नका.

सुरुवात सहा महिने पूर्ण झाल्यावर, बाळ मान धरून आधाराने बसू लागलं की. दिवसातून एकदा दोन-तीन चमचे. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा, अर्ध्या वाटीपर्यंत. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. बोंडल्याने ओतू नका, ठसका लागतो. बसवून, वाटी-चमच्याने द्या. जिभेने बाहेर ढकललं म्हणजे नावडलं असं नाही, गिळायला शिकायला वेळ लागतो. एकच पदार्थ आठ-दहा वेळा समोर यावा लागतो.

एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. अर्धी उरलेली पेज तासाभराने पाहिली तर पाणी-पाणी झालेली असते. ती नासलेली नसते. उष्ट्या चमच्यातून लाळ आत गेली आणि लाळेने स्टार्च पचवायला घेतला. मात्र लाळेबरोबर जंतूही जातात, म्हणून द्यायचा भाग आधीच वेगळ्या वाटीत काढा आणि उष्टं टाकून द्या.

शी गडद झाली तर घाबरू नका, नाचणीचा रंग तसा उतरतो. खडा झाला तर पेज घट्ट होती का ते पाहा. ती पातळ करा आणि मधूनमधून दोन-तीन चमचे उकळून गार केलेलं पाणी द्या.

आणि फक्त नाचणीवर लोह भागत नाही. सहाव्या महिन्यानंतर जन्मतःचा साठा आटत जातो. मुगाचं वरण, मऊ शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा लवकर सुरू करा, वरणात लिंबाचे चार थेंब पिळा. आशाताई किंवा अंगणवाडीत लोहाचं औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते वेळेवर द्या, पण दुधाला लागून नको.