अर्धी झेरॉक्स: माहिती अधिकाराचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी लिहिलेलं कुणी वाचत नाही. कर्नाटकात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. हे मला ठाऊक होतं. शब्द मोजूनच अर्ज लिहिला होता. तरी घोडं अडलं, आणि असं अडलं की आजही तो कागद काढला की डोकं फिरतं.

झालं असं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावी वहिनीला पिठाची गिरणी घालायची होती. बँकेचं कर्ज आणि त्यावर सबसिडी देणारी योजना एका सरकारी खात्याकडे आहे, खात्याचं नाव घेत नाही. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून, मिळाला, बाकीचे कागदही जमले. अर्ज देऊन वर्ष सरलं तेव्हा काउंटरवरून तोंडी उत्तर आलं, "गुरी मुगीत्री." म्हणजे यंदाचं टार्गेट संपलं. किती होतं, कुणाकुणाला मिळालं, वहिनीचा नंबर कितवा, या सगळ्यावर एकच उत्तर: "नाळे बर्री." उद्या या.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, सोडून द्या की. कशाला त्या नादाला लागूलालासा?" मला सोडवेना.

आता कामाची गोष्ट. आपल्याकडे प्रत्येक खात्याला केडीपी सभेत, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाच्या आढावा बैठकीत, आपली प्रगती मांडावी लागते. त्यासाठी एक छापील तक्ता असतो, त्याला 'प्रगती वरदी', म्हणजे प्रगती अहवाल, म्हणतात. मार्चअखेरच्या तक्त्यात खात्याचं अख्खं वर्ष येतं. डाव्या बाजूला भौतिक प्रगती: गुरी (टार्गेट) किती, साधने (म्हणजे त्यातलं झालं) किती. उजव्या बाजूला आर्थिक: अनुदान किती, बिडुगडे (सुटलेले पैसे) किती, वेच्च (खर्च) किती. शेवटी षरा, म्हणजे आपला शेरा. म्हणून "आमचा अर्ज का नाकारला" असं विचारत बसू नका. "का"चं उत्तर कुणी देत नाही. जो कागद ऑफिसात आधीच तयार आहे त्याचं नाव, वर्ष, महिना लिहून प्रत मागा. मी तेच केलं: "मार्चअखेरची, योजनावार, भौतिक व आर्थिक प्रगती वरदी."

भाषेचं मला बरेच जण विचारतात. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, इथे कन्नडमध्ये, करता येतो. म्हणजे मराठीत केला तर परत यायची भीती, पण हिंदीतला नाकारता येत नाही. हक्काचा मुद्दाच करायचा असेल तर हिंदीत करा. काम व्हायला हवं असेल तर कन्नडमध्ये करा, हे माझं स्पष्ट मत आहे, मग कुणाला राग येवो. आमच्या पुतण्याने मला कन्नडमध्ये लिहून दिला.

फी १० रुपये. मी पोस्टल ऑर्डर लावली. ती कुणाच्या नावे काढायची हे आधी त्याच ऑफिसात विचारून घ्या.

अर्ज गेला नोव्हेंबरात. डिसेंबर म्हणजे बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन. २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, तेव्हापासून हिवाळ्यातले ते दिवस आले की जिल्ह्यातला निम्मा स्टाफ ड्युटीवर, आणि उरलेला निम्मा त्यांच्याकडे बोट दाखवायला. तरी ३० दिवसांची मुदत संपता संपता पत्र आलं: पानाला २ रुपयेप्रमाणे पैसे भरा आणि प्रत न्या. मी खूश. पैसे भरले, पाकीट घेतलं आणि बसस्टँडवर उघडलं.

तक्ता अर्धाच होता.

अर्धा म्हणजे पानं कमी नव्हती. पानाचा डावा भाग नीट छापलेला, उजवा कोरा. झेरॉक्स काढताना उजव्या बाजूवर कोरा कागद ठेवला होता. तो जरा तिरका बसल्यामुळे त्याच्या कडेची काळी रेघ वरपासून खालपर्यंत वाकडी उमटली होती, आणि वरच्या कोपऱ्यात 'अनुदान'मधला 'अ' तेवढा डोकावत होता. सोबत पत्र: आपण दोन विषय विचारलेत, भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती. नियमाप्रमाणे पहिल्या विषयाची माहिती दिली आहे, दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करावा.

लबाडी अशी की नियमात हे खरंच आहे. अर्जात एकाहून अधिक विषय असतील तर माहिती अधिकारी फक्त पहिल्याचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. पण एकाच ओळीतले रकाने दोन विषय कसे होतील? एका योजनेपुढे "गुरी पूर्ण" असं दिसतं, आणि त्याच ओळीत पैसे किती गेले ते झाकलेलं. मग त्या "पूर्ण"ला अर्थ काय राहिला?

लोक म्हणाले, कर की आणखी एक अर्ज, १० रुपयांचा तर प्रश्न. मी ऐकलं नाही. पुन्हा ३० दिवस घालवायचे आणि पुढच्या वेळी अनुदान एक विषय, खर्च दुसरा विषय असं ऐकायचं? मी पहिलं अपील केलं. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ते करायचं असतं. अपिलात कायद्याचे दोनच मुद्दे घातले. कलम ४(१)(ख) मधला अकरावा मुद्दा सांगतो की खात्याने आपलं अंदाजपत्रक आणि वाटलेल्या पैशांचा हिशेब आपणहून जाहीर करायचा. बारावा सांगतो की सबसिडीच्या योजनांत किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हेही. म्हणजे जी गोष्ट न मागता लोकांपुढे ठेवायची, ती यांनी कोऱ्या कागदाखाली ठेवली होती. शिवाय माहिती नाकारणं योग्य होतं हे दाखवायची जबाबदारी अपिलात माहिती अधिकाऱ्यावर असते, आपल्यावर नाही. हे वाक्य पाठच करून ठेवा.

सुनावणी बेळगावात झाली. सकाळपासून बाकड्यावर बसलो, दुपारनंतर हाक आली. मी काही बोललोच नाही, ती झेरॉक्स तेवढी टेबलावर ठेवली. साहेबांनी वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं, क्लार्ककडून मूळ फाइल मागवली, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "इद ओंदे तख्ते अल्लेन्री?" एकच तक्ता आहे ना हा? क्लार्क छताकडे बघत होता. पूर्ण प्रत द्यायचा आदेश झाला. बाहेर येऊन मी दोन चहा प्यायलो, दोन्ही मलाच.

अपिलाचा निकाल साधारण ३० दिवसांत आणि कारण दिलं तर ४५ दिवसांत व्हायला हवा. नाहीच झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे, बेंगळूर गाठायची गरज नाही.

पूर्ण तक्ता आला तेव्हा उजवी बाजू का झाकली होती ते कळलं. डावीकडे साधने शंभर टक्के, उजवीकडे खर्च त्याच्या आसपासही नाही. नावं निवडली की भौतिक प्रगती झाली म्हणून मोजायचं, पैसे बँकेतून सुटोत की न सुटोत. शेऱ्यात लिहिलेलं, बँकेकडे प्रलंबित. थोडक्यात, टार्गेट संपलं होतं पण पैसे संपले नव्हते. बँकेने परत पाठवलेल्या नावांच्या जागी प्रतीक्षा यादीतली नावं घ्या, असा लेखी अर्ज वहिनीने त्या तक्त्याची प्रत जोडून दिला. या वेळी क्लार्कने तो घेतला, शिक्का मारला आणि पोच दिली. "नाळे बर्री" म्हणाला नाही. गिरणीचं अजून व्हायचंय, फाइल बँकेत आहे.

हो, एक राहिलंच. बीपीएल कार्ड असेल तर माहितीसाठी फी लागत नाही, कार्डाची प्रत जोडा. पोस्टल ऑर्डर लावणार असाल तर ती देण्याआधी झेरॉक्स काढून नंबर लिहून ठेवा. आणि खात्याकडून मिळालेली प्रत खिडकीपाशीच उघडा, बसस्टँडवर नको.