सशाला घेऊन गाडीने निघताना

इंग्लंडमध्ये सशाला ऑपरेशनसाठी न्यायचं असलं, तरी डॉक्टर बजावतात की त्याला उपाशी आणू नका, त्याचा नेहमीचा चाराही सोबत द्या. गाडी लागू नये म्हणून कुत्र्याला कमी खाऊ घालून निघतात. तो नियम सशाला लावू नका. सशाला उलटी करताच येत नाही. त्याचं आतडं चालतं ते तंतुमय चारा सतत पुढे सरकत राहतो म्हणून. भीतीने, उन्हाने किंवा तहानेने खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू साठतो, पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखीच खात नाही. १२ तास ना खाणं ना लेंड्या, म्हणजे जिवावर बेतलेलं आहे. नाशिकहून पुणं असो की मुंबई, वाटेत त्याचं तोंड चालू राहिलं पाहिजे. बाकीची सगळी तयारी त्यासाठीच.

चाऱ्याबद्दल नाशिककरांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे सहज मिळतो तो लसूणघास. वाढत्या पिल्लांना तो चालतो, पण मोठ्या सशाला रोज भरपूर दिला तर त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि मूत्राशयात गाळ किंवा खडे होतात. मोठ्याला वाळलेलं साधं गवत किंवा स्वच्छ जागची हरळी द्या. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खायला निकस. रस्त्याकडेचं किंवा द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत उपटून देऊ नका, त्यावर फवारा बसलेला असतो. द्राक्षंही प्रवासात नकोत; एवढी साखर आधीच घाबरलेल्या पोटाला सोसत नाही. त्यापेक्षा धुतलेली कोथिंबीर ओलीच द्या, थोडं पाणीही पोटात जातं.

पुठ्ठ्याचं खोकं मुताने भिजून तळातून सुटतं. द्राक्षाच्या क्रेटवर जाळी बांधली, तर तळाच्या फटीत पाय अडकतो. मांजरासाठी मिळतो तो टणक प्लास्टिकचा कॅरिअर घ्या, आणि शक्यतो वरूनही उघडणारा. घाबरलेला ससा पुढच्या दारातून येत नाही, ओढला तर मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. म्हणून वरून दोन्ही हात घालायचे, एक छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान धरून उचलणं तर कधीच नाही. दोन किलोच्या सशाला सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचा कॅरिअर पुरतो. पाय पसरता यावेत, वळता यावं, एवढंच. फार मोठ्यात तो प्रत्येक ब्रेकला आपटतो. तळाला वर्तमानपत्र, त्यावर जुना टॉवेल, वर गवताचा जाड थर. टॉवेल टाळू नका. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरत राहिले की ससा सगळा वेळ अंग आखडून बसतो आणि खात नाही.

निघायच्या दोन आठवडे आधी हा कॅरिअर दार उघडं ठेवून घरातच ठेवा, गवत त्यातच घाला. मग गाडी नुसती सुरू करून पाच मिनिटं, नंतर गंगापूर रोडवर एखादी छोटी फेरी.

गाडीत जागा कुठे? ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमावलीतला नियम ५७ सांगतो की प्राणी असा बांधलेला हवा की चालकाचं लक्ष विचलित होणार नाही आणि अचानक थांबलं तरी कोणाला इजा होणार नाही. सर्वांत चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत. कॅरिअर आडवा ठेवा, म्हणजे ब्रेक लागला की ससा नाकावर न आपटता कुशीच्या बाजूला टेकतो. सीटवर ठेवून पट्टा आवळला तर जोराच्या धक्क्यात प्लास्टिक पट्ट्याशीच फुटू शकतं. पुढची सीट एअरबॅगमुळे नको, बंद डिकी तर नकोच.

उन्हाळा हा मोठा शत्रू. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून तो नीट थंडही होत नाही. उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः कानांतून. १५ ते २० अंश त्याला मानवतात, २६ च्या पुढे त्रास सुरू होतो. आरएसपीसीए ही ब्रिटिश प्राणिकल्याण संस्था सांगते की बाहेर २२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात ४७ होऊ शकतात. मग चैत्र-वैशाखातल्या नाशिकचं काय सांगायचं! पहाटे पाचला निघा. एसी निघण्याआधी दहा मिनिटं लावा, झोत थेट अंगावर नको. मागे खाली गार हवा कमी पोचते, म्हणून छोटा थर्मामीटर कॅरिअरलाच बांधा. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे हवं तर तो टेकेल, नको तर सरकेल. वर सुती पंचा टाका, पण अर्ध्यावरच. चहूबाजूंनी झाकलं की आत कोंडतं.

मुंबईला जाताना इगतपुरीची हवा फसवते. कसारा घाट उतरला की उकाडा आणि दमटपणा एकदम वाढतो. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून पुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला आहे. घाटाची वळणं टळतात, पण बोगद्यात किंवा कडेला थांबता येत नाही, म्हणून पाणी आधीच दाखवा. दर दीड तासाला गाडी थांबवून, एसी चालूच ठेवून, जड वाटी दहा मिनिटं आत ठेवायची. नळीची बाटली धक्क्यांनी गळते आणि अंथरूण भिजतं. दोरी बांधून ढाब्यावर फिरवू नका. कुत्रा भुंकला तरी ससा उसळी मारतो.

जोडी असेल तर दोघांना एकत्रच न्या, एकालाच डॉक्टरकडे जायचं असलं तरी. परक्या वासाने परतलेल्या जोडीदाराशी दुसरा भांडतो.

कान तापलेले, लाळ, तोंड उघडून श्वास, ही उष्माघाताची लक्षणं. गार पाण्याने, बर्फाच्या नव्हे, कान ओले करा आणि थेट दवाखाना गाठा. बुडवू नका.

पोचल्यावर कॅरिअर शांत कोपऱ्यात उघडा ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लेंड्या बघत राहा. बारीक, कमी किंवा माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर थांबू नका. मुक्कामाच्या गावी ससे हाताळणारे डॉक्टर कोण, हे निघण्याआधीच फोन करून विचारा. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन चालत नाही, आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिलही त्याला विषारी. हे दोन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅरिअरला चिकटवा.