पद कोणतं, नेमणूक कुणाची?

२७ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवडणूक आयोगापुढच्या कार्यवाहीला स्थगिती द्यायला नकार दिला. शिवसेना कुणाची आणि धनुष्यबाण कुणाचा, हे आता आयोग ठरवणार होता. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या आम्हा नोटरींना त्याचा परिणाम लगेच जाणवला. आपल्या बाजूने किती माणसं आहेत हे आयोगाला दाखवायला दोन्ही गट जमवत असलेल्या प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे आधीपासून येत होतेच, पण त्या आठवड्यात गाड्या भरून माणसं यायला लागली.

त्यातल्याच एका दिवसाबद्दल लिहितोय. सकाळी एका गटाची माणसं आली, जेवणानंतर दुसऱ्या गटाची. दोन्हीकडे मजकूर छापील. मी शिवसेनेचा सदस्य आहे, अमुक पदावर काम करतो, पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वावर माझा विश्वास आहे. दुसऱ्या गठ्ठ्यातही जवळपास तेच, फक्त तिथे मुख्य नेते म्हणून एकनाथ शिंदे यांचं नाव. नाव, वय, गाव आणि पद यांच्या जागा कोऱ्या. मजकूर खरा की खोटा हे ठरवणं नोटरीचं काम नाही. समोरचा माणूस तोच आहे ना, काय लिहिलंय ते त्याला समजलंय ना, सही तो स्वतःच्या मर्जीने करतोय ना, एवढं पाहायचं, रजिस्टरात नोंद करायची आणि शिक्का मारायचा. गठ्ठे मुंबईला पोचवायची सगळ्यांनाच घाई होती. तरी मी प्रत्येकाला समोर बसवून मजकूर वाचून दाखवत होतो, कारण शपथेवर लिहून देणं ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही.

सकाळचे लोक आणि दुपारचे लोक एकमेकांना नावाने ओळखत होते. जाताना-येताना रस्त्यावर समोरासमोर आले, तेव्हा काहींनी हात जोडले, काहींनी मान फिरवली. एका घरातले दोघं भाऊ दोन वेगळ्या गाड्यांतून आले होते. थोरल्याने धाकट्याला विचारलं, 'आईचं औषध आणलंस का?' धाकटा 'हो' म्हणाला आणि दोघं आपापल्या रांगेत गेले.

तात्या (हे त्यांचं खरं नाव नाही) सत्तरीच्या पुढचे. गावच्या शाखेचे शाखाप्रमुख. कुठल्या गटाबरोबर आले होते ते मी सांगणार नाही, कारण त्यांची अडचण दोन्हीकडे तीच होती. मजकूर ऐकून ते 'बरोबर आहे' म्हणाले, पेन घेतलं आणि पदाच्या जागेपाशी थांबले. सोबत नेमणुकीचा काही पुरावा असेल तर त्याची प्रत जोडायची होती. तात्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं एक कात्रण काढलं. 'सामना'त आलेली नियुक्त्यांची बातमी, वीसेक नावांत एक त्यांचं. कागद पिवळा पडलेला, तारखेचा कोपरा फाटलेला.

'पत्र नाही?' मी विचारलं.

'पत्र कशाला लागतंय वकीलसाहेब? जिल्हाप्रमुखांनी सभेत नाव पुकारलं, पेपरात छापून आलं, झालं. तेव्हापासून शाखेची पाटी माझ्या ओट्यावर आहे.'

गाडीबरोबर आलेला तरुण पदाधिकारी म्हणाला, 'तात्या, नुसतं शाखाप्रमुख लिहा, पुरावा राहू द्या.' तात्या ऐकेनात. शपथेवर लिहायचं तर पुरावा हवा, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी मला विचारलं, 'ह्या कागदांवर निवाडा होणार आहे का?'

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. निवडणूक चिन्हं आदेश, १९६८ यातल्या पंधराव्या परिच्छेदाने पक्ष फुटला तर चिन्ह कुणाचं हे ठरवायचा अधिकार आयोगाला दिलाय. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडीवर वाद झाला, आणि १९७१ च्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की बहुमत कुणाकडे आहे हे पाहणं योग्य आहे. बहुमत दोन ठिकाणचं, आमदार-खासदारांमधलं आणि संघटनेतलं. 'तुम्ही त्यातल्या संघटनेत,' मी म्हणालो.

तात्या म्हणाले, 'मग आमचं मत यापूर्वी कधी घेतलं? तालुकाप्रमुख बदलले तेव्हा विचारलं नाही, उमेदवार ठरला तेव्हा नाही. आता मोजायला बोलावलंय.' आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. तो तरुणही गप्प झाला, कारण त्याचं पदही वरूनच आलं होतं, महिन्याभरापूर्वी, आधीच्या माणसाला काढून. जुलैपासून दोन्हीकडून हकालपट्ट्या आणि नेमणुका चालूच होत्या, आणि काढलेला माणूसही आपण पदावर आहोत असंच सांगत होता. त्याला नाही म्हणायचं कुणी? काढणाऱ्याला अधिकार आहे की नाही, त्याचाच तर वाद दिल्लीत चालला होता.

इथे माझं मत सांगतो. वरून आलेला शब्द शाखेपर्यंत पोचायचा आणि सगळे तो पाळायचे, ही त्या संघटनेची ताकद होती, आणि ती मी लहानपणापासून पाहिली आहे. कुणाच्या घरी मयत झालं, रुग्णवाहिका मिळेना, पोराचा दाखला अडला, की लोक शाखेतच जायचे. पण तो शब्द चालायचा तो विश्वासावर, कागदावर त्याचा काही आधार नव्हता. वरचेच दोन झाले तेव्हा कुणाचा शब्द खरा, हे ठरवायला खाली काही उरलं नाही. नोंदवलेली सभासद यादी नाही, मतदान नाही, ठरावाचं इतिवृत्त नाही. तात्यांसारख्या माणसाकडे आयुष्याच्या कामाचा पुरावा म्हणून एक कात्रण.

शेवटी त्यांनी 'शाखाप्रमुख' लिहिलं, कात्रणाची झेरॉक्स जोडली आणि सही केली. मी नोंद केली.

१७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाचा आदेश आला. मी तो पूर्ण वाचला, आणि वाचताना तो दिवस सारखा आठवत होता. पक्षाच्या घटनेला धरून कोण आहे, ही कसोटी लावायला आयोगाने नकार दिला, कारण २०१८ मध्ये केलेली दुरुस्ती आयोगाला कळवलेलीच नव्हती आणि तिच्यात पदाधिकारी निवडणुकीविना नेमायची सोय होती. आयोगाच्याच आग्रहावरून १९९९ च्या घटनेत आणलेली लोकशाहीची कलमं या दुरुस्तीने पुसली, असं आयोगाने नोंदवलं. संघटनेतल्या बहुमताचे दोन्ही बाजूंचे दावे समाधानकारक वाटले नाहीत. उरली ती विधिमंडळ आणि संसदेतली संख्या. ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार. त्यावर नाव आणि चिन्ह शिंदे गटाला गेलं. पुढे ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचा निकालही आमदारांच्या संख्येवरच लागला.

म्हणजे सकाळच्या गठ्ठ्याने निकाल ठरला नाही आणि दुपारच्याही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. निकाल कुणाच्या बाजूने लागला हा मुद्दा नाही. आमदार पाच वर्षांसाठी निवडून येतो, शाखा त्याच्या आधीपासून असते आणि त्याच्या नंतरही राहते. तिची माणसं मोजता येत नाहीत अशी पक्षाची रचना असेल, तर पक्ष म्हणजे फक्त निवडून आलेले लोक उरतात आणि तेच तो घेऊन जाऊ शकतात. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पक्षाने नोंदणीच्या वेळी दिलेली हमी मोडली म्हणून आयोग त्याची नोंदणी रद्द करू शकत नाही. त्यामुळे अंतर्गत निवडणुका घ्यायला पक्षाला बाहेरून कुणी भाग पाडेल, अशी आशा मला वाटत नाही.

तात्या पुढे वारसनोंदीच्या कामाने आले. निकाल त्यांना माहीत होता. पिशवीतून त्यांनी एक फुलस्केप वही काढली. पानापानावर नावं, गाव, सभासद झाल्याचं साल, सही नाहीतर अंगठा. शाखेची बैठक घेऊन शाखाप्रमुख कोण, यावर हात वर करून मतं घेतली होती. 'हे कसं लिहायचं म्हणजे कामाला येईल?' त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, बैठकीची तारीख आणि जागा वर लिहा, हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ठराव कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं ते लिहा, आणि विरोधात किती हात होते तेही.

'विरोधातले पण?'

'ते पण.'

पाच होते. तात्यांनी माझ्याच टेबलावर वही उघडली, माझं पेन घेतलं आणि पाचही नावं लिहून काढली.