सातव्या दिवसाचा पाय खरंच सातव्या दिवसाचा आहे का?

कोंबडीच्या भ्रूणाच्या पायातलं फॉस्फेटेज (फॉस्फेट तोडून सुटं करणारं एन्झाइम) मोजताना आकडे वेडेवाकडे आले की सगळे बफरकडे (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाकडे) बोट दाखवतात. निम्म्या वेळा दोष अंड्याचा असतो.

नवापूरच्या लेयर फार्मचं (खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथलं) अंडं इथे चालत नाही. तिथे कोंबडाच नसतो, मग अंडं फलित कुठून होणार? अंडी हॅचरीची घ्या, नाहीतर कोंबडा पाळणाऱ्या घरची गावरान. पण गावरान अंड्यात खानदेशी उन्हाळ्याचा पेच आहे. साधारण 20-21 अंशांखाली भ्रूण थांबून राहतो. मे महिन्यात घरातली टोपलीच 35 अंशांवर असते. खुडूक कोंबडी बसायच्या आधीच भ्रूण अर्धवट वाढू लागतो. काही मरतात, उरलेले पुढेमागे होतात. मग चिठ्ठीवर ‘सातवा दिवस’ असला तरी तीन अंड्यांत तीन वयं निघतात. अंडी 15 ते 18 अंशांत ठेवा आणि आठवड्याच्या आत उबवणी यंत्रात घाला. तिथे 37.5 ते 38 अंश, आर्द्रता 55-60 टक्के. आपल्या कोरड्या हवेत पाण्याचा ट्रे फार लवकर आटतो, तो रोज बघा. लाईट गेली तर दार उघडून बघायचा मोह आवरा.

वय दिवसांवर नाही, पायाच्या आकारावर ठरवा. त्यासाठी हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांचा 1951 चा 46 टप्प्यांचा तक्ता आहे. तिसऱ्या दिवसाच्या आसपास पायाची कळी दिसते. 24व्या टप्प्यात पंजाची चपटी थाळी ओळखू येते, पण बोटं सुटलेली नसतात. 32व्यात बोटांची टोकं पुढे येतात आणि मधला पडदा आत वळतो. 35व्यात तो जवळपास गेलेला असतो.

एकाच पायात दोन कामं चालतात. पायाच्या हाडाच्या नळीच्या मधल्या भागाभोवतीच्या आवरणात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं, तेही कॅल्शियम साचायच्या आधी. म्हणून कॅल्शियमला चिकटणारा ॲलिझरिन लाल रंग अजून चढलेला नसतो तेव्हाही एन्झाइम सापडतं. बोटांमधल्या पडद्यात पेशी मरतात, त्यांना गिळणाऱ्या पेशींच्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत) ॲसिड फॉस्फेटेज भरपूर असतं. अख्खा पाय एकत्र वाटला की दोन्ही गोष्टी एकमेकींत बुडतात. हाडाची नळी वेगळी, पडदा वेगळा कापा. पडद्याची ऊती इतकी थोडी असते की एकाच टप्प्याचे 8-10 भ्रूण एकत्र करावे लागतात.

कापताना थंड 0.9 टक्के मिठाचं पाणी वापरा, फॉस्फेट बफर नको. फॉस्फेट अल्कलाइन फॉस्फेटेजला रोखतं. ईडीटीएही नको, ते एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम ओढून घेतं. ऊतीच्या दहापट थंड ट्रिस बफरमध्ये 0.1 टक्के ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घालून बर्फावर वाटा. अल्कलाइन फॉस्फेटेज पेशीच्या पटलाला अडकलेलं असतं. ट्रायटन विसरलात तर ते गाळात जातं आणि वरच्या पाण्यात आकडा शून्याजवळ येतो.

सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतं ते द्रव्य, पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. अल्कलाइनसाठी ग्लायसिन बफर, पीएच साधारण 10, सोबत 1 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ॲसिडसाठी सायट्रेट बफर, पीएच 4.8. 37 अंशांवर 30 मिनिटं ठेवून कॉस्टिक सोडा टाकून थांबवा, रंग मोजणाऱ्या यंत्रावर 405 नॅनोमीटरला वाचा. ॲसिडच्या परीक्षानळीत तोवर रंग दिसत नाही, आणि नवखी मुलं ‘काही झालंच नाही’ म्हणून नळ्या ओतून देतात. सोड्याचा थेंब पडताच पिवळा रंग उमटतो. ब्लँकमध्ये (तुलनेच्या कोऱ्या नळीत) सोडा आधी, वाटलेल्या ऊतीचा अर्क नंतर. सबस्ट्रेट टेबलावर उघडं राहिलं तर उन्हाळ्यात आपोआप पिवळं पडतं. रोज लागेल तेवढंच करा.

आकडा प्रति मिलिग्रॅम प्रथिन लिहा. प्रथिन मोजायच्या लोरी पद्धतीत ट्रायटनमुळे गढूळपणा येतो, तेव्हा स्टँडर्डच्या (माहीत असलेल्या प्रथिनाच्या) नळ्यांतही तेवढंच ट्रायटन घाला आणि नळ्या गढूळ दिसल्या तर वाचण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या.

तुलनेसाठी बदकाचा पाय उत्तम. त्याच्या पडद्यात पेशी फारशा मरत नाहीत, म्हणून पडदा टिकतो. फक्त बदकाची उबवणी 28 दिवसांची, कोंबडीची 21ची. तिथेही बोटांचाच आकार जुळवायचा.