दुसऱ्या क्रमांकाच्या शोधात मॉरिशस

डिसेंबर २०१७ मधल्या एका रविवारी मॉरिशस ओपन या गोल्फ स्पर्धेचा प्लेऑफ टीव्हीवर पाहताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. एकीकडे चव्वेचाळीस वर्षांचे अर्जुन अटवाल, अमेरिकेच्या पीजीए टूरवर जिंकलेले पहिले भारतीय. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेचा डिलन फ्रिटेली. चार दिवस खेळून दोघांची बरोबरी झालेली. म्हणून अठरावा, म्हणजे शेवटचा, होल पुन्हा खेळवला. फ्रिटेलीने बर्डी मारली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, आणि खेळ संपला. तो अठरावा होल एकदा जाऊन पाहायचा, हे तेव्हापासून मनात होते. सात वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, मी आणि माझा मामेभाऊ मुंबईहून निघालो.

आधी या स्पर्धेविषयी थोडे सांगतो, म्हणजे आमची धडपड कळेल. मॉरिशस ओपन या रूपात सुरू झाली २०१५ मध्ये. युरोपियन टूर, एशियन टूर आणि दक्षिण आफ्रिकेची सनशाइन टूर अशा तीन व्यावसायिक स्पर्धामालिकांनी मिळून मान्यता दिलेली ही पहिलीच स्पर्धा. बक्षिसाची एकूण रक्कम तेव्हा दहा लाख युरो. युरोपियन टूरच्या हिशेबात लहानच. पहिल्या वर्षी बेल ओंब्रच्या हेरिटेज क्लबवर जॉर्ज कुट्झी प्लेऑफमध्ये जिंकला. पण मला ओढ लावली ती पुढच्या तीन स्पर्धांनी. २०१६ मध्ये बांगलादेशचा सिद्दीकुर रहमान एका फटक्याने दुसरा. २०१७ मध्ये बेल ओंब्रलाच अटवाल दुसरे. २०१८ मध्ये अमेरिकेचा नवखा कर्ट किटायामा जिंकला आणि आपला चिक्करंगप्पा फ्रान्सच्या माथ्यू पाव्होंसोबत दुसरा. सलग तीन स्पर्धा, आणि तिन्हींत आपल्या उपखंडातला माणूस अगदी उंबरठ्यापर्यंत पोचलेला. विजेत्यांची नावे सगळीकडे सापडतात. मला या तिघांच्या जागा पाहायच्या होत्या.

जाणाऱ्यांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी: ही स्पर्धा एका जागी होत नाही. कधी दक्षिणेला बेल ओंब्र, कधी पूर्वेला अनाहिता, कधी उत्तरेला मों श्वाझी. आम्ही हे न पाहता बेल ओंब्रजवळ खोली घेतली आणि २०२४ ची स्पर्धा निघाली मों श्वाझीला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब, नकाशावर अंतर किरकोळ वाटते. पण मधे पोर्ट लुईची वाहतूक आहे. पहाटे निघायचे आणि रात्री परतायचे, असे दोन दिवस गेले. तेव्हा आधी मैदान पक्के करा, मग हॉटेल.

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म मात्र तयार हवा. घड्याळ दीड तास मागे करायचे. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्वतः चालवायलाही भीती नाही. डिसेंबर म्हणजे तिथला भर उन्हाळा आणि वादळांचा हंगाम. टोपी, छत्री आणि पाण्याची बाटली यांच्याशिवाय मैदानावर जाऊ नका. आमचा शनिवार उन्हाने भाजून निघाला आणि दुपारी दहा मिनिटांच्या पावसात कपडे पिळून घ्यावे लागले.

मों श्वाझीला गर्दी बेताची होती, आणि लहान स्पर्धेचे सगळे सुख त्यातच आहे. मोठ्या स्पर्धेत खेळाडू लांबून ठिपक्याएवढा दिसतो. इथे मी एका ग्रीनच्या, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेला उभा होतो आणि कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस, ओल्या टॉवेलच्या कोपऱ्याने चेंडूवरची माती काढत होता, तो टॉवेल चेंडूवर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. खेळाडूने पट, म्हणजे कपाकडचा हलका फटका, मारण्याआधी दोनदा वाकून गवताचा कल पाहिला. कॅडी फक्त "थोडं डावीकडे" एवढेच म्हणाला. चेंडू कप चाटून बाहेर गेला. दोघेही काही न बोलता पुढचा होल जिथून सुरू होतो त्या टीकडे चालू लागले. हे टीव्हीवर कधी दिसत नाही.

माझा सल्ला असा, की शेवटच्या दिवशी आघाडीच्या गटामागे धावण्याआधी तासभर तरी एखाद्या अनोळखी खेळाडूच्या मागे चाला. त्याची वर्षभराची कमाई तिथे पणाला लागलेली असते. मग अठराव्या ग्रीनजवळ वेळेत जागा धरा. मोबाइलचा आवाज बंद ठेवा, आणि फटक्याच्या वेळी जिथे असाल तिथेच थांबा. त्या रविवारी इंग्लंडचा जॉन पॅरी जिंकला. त्याचा आधीचा युरोपियन टूरवरचा विजय २०१० मधला. चौदा वर्षे मधे गेलेल्या अडतीस वर्षांच्या माणसाचा चेहरा इतक्या जवळून पाहणे, यासाठी तरी उत्तरेची ती दगदग सार्थकी लागली.

सोमवारी अनाहिता. अर्नी एल्सने आखलेले मैदान, अठराव्या होलच्या कडेने निळेशार उथळ समुद्राचे पाणी. परिसर खासगी आहे, त्यामुळे फाटकावर सरळ जाऊन उपयोग नाही. क्लबच्या उपाहारगृहात जेवणाची जागा आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा. आम्ही तसेच केले. इथे सिद्दीकुर शेवटच्या दिवशी आघाडीवर होता. ती निसटली, आणि कोरियाच्या वीस वर्षांच्या वांग जुंग-हुनने अठराव्यावर बर्डी मारून स्पर्धा घेतली. आदल्याच आठवड्यात तो मोरोक्कोत जिंकून आलेला. सिद्दीकुर ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबवर चेंडू गोळा करणारा पोरगा होता. त्याच उन्हाळ्यात तो थेट पात्र ठरून रिओ ऑलिंपिकला गेला, असा पहिला बांगलादेशी, आणि देशाचा झेंडा त्याच्याच हातात होता. चिक्करंगप्पाची सुरुवातही तशीच, बंगळुरूजवळच्या मैदानावर चेंडू वेचण्यापासून. आणि तो दुसरा आला तेही इथेच, अनाहितावर. या दोघांना इथे एकाच गवतावर हुलकावणी मिळाली, हे तिथे उभे राहिल्यावर जास्त लागले. २०२२ पासून एशियन टूर या स्पर्धेत नाही, म्हणजे अशा मुलांचा इथला रस्ताही अरुंद झाला. मला ही मोठी हानी वाटते.

अनाहिताहून परतताना वाटेत दालपुरी खा. दोन पातळ पुऱ्या, आत वालासारख्या दाण्यांची रस्सेदार भाजी आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. चण्याच्या डाळीची 'गातो पिमां' नावाची भजी म्हणजे आपले डाळवडेच. रिसॉर्टच्या एका जेवणात अशी आठ-दहा जेवणे होतात. 'आलुदा' नावाचे पेयही प्या, आपला फालुदा नावावरून ओळखालच.

आमचा चालक कास्कावेलचा, पन्नाशीचा. आडनाव फ्रेंच धाटणीने लिहिलेले, पण घराणे रत्नागिरीकडचे. क्रिओल या तिथल्या बोलीतच बोलायचा; मराठी म्हणून त्याला गणपतीची आरती पूर्ण येत होती आणि झाकरीची, म्हणजे आपल्या जाखडीची, दोन गाणी. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. बेल ओंब्रला जाताना दोन्हीकडच्या उसाकडे हात करून तो म्हणाला, ही सगळी जमीन आमच्या आजोबा-पणजोबांनी दगड उचलून मोकळी केली. खरेच आहे ते. शेतांत काळ्या दगडांचे रचलेले ढीग अजून उभे आहेत. युरोपात साखरेला मिळणारा हमीभाव गेला, तशी मळेवाल्यांनी जमिनी रिसॉर्ट आणि गोल्फकडे वळवल्या. बेल ओंब्रही जुना साखरमळाच. कुणी या बाजूला आलाच तर गोल्फबरोबर पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. मळ्यांवर राबायला आणलेले भारतीय करारी मजूर तिथे उतरत; मुंबई बंदरातून निघालेली माणसेही तिथेच उतरली.

बेल ओंब्रला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. परवानगी घेऊन, पायवाटेवरून, अठराव्या ग्रीनच्या कडेपर्यंत जाता आले. (ग्रीनवर पाय ठेवायचा नाही, आणि मागून खेळणारे येत असतील तर बाजूला थांबायचे.) इथेच २०१९ मध्ये अठरा वर्षांचा रासमुस होयगार्ड प्लेऑफच्या तिसऱ्या होलवर ईगल, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन फटके कमी, मारून जिंकला आणि फ्रान्सचा आंत्वान रोझनेर हरला. तो रोझनेर २०२२ मध्ये परत आला आणि मों श्वाझीला पाच फटक्यांनी जिंकला. अटवालांना तशी संधी पुन्हा मिळाली नाही.

चालकही आमच्यासोबत आला होता. इतकी वर्षे प्रवासी आणून सोडत असूनही या ग्रीनपर्यंत तो पहिल्यांदाच येत होता. मी त्याला २०१७ ची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, तुमचा माणूस कुठे उभा होता? कुठे नेमके, ते मला सांगता आले नाही. मी फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे येणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, त्या टोकाकडे बोट दाखवले, जिथून अटवाल चालत आले असतील. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला, मग टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, चला, समुद्राकाठच्या मॅकोंदेच्या वळणावर अजून उजेड असेल.