नव्या रंधा मशीनच्या मोटारीशी ओळख

उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात ऑस्ट्रियाहून आलेले रंधा मशीन आज प्रथम सुरू केले. लाकूड लावण्याआधी वायरमन मामा आणि मी सारी सकाळ मोटारीवरची माहितीची पट्टी वाचत बसलो होतो, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला मनापासून वाटते. पट्टीवर ‘डेल्टा ४०० व्होल्ट, स्टार ६९० व्होल्ट’ असे होते; स्टार आणि डेल्टा या मोटारीच्या आतील तारांची वेटोळी जोडण्याच्या दोन पद्धती. म्हणजे आपल्या सुमारे ४०० व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर ही मोटार डेल्टा जोडणीतच पूर्ण ताकद देणार. त्याखालची ‘एस६, ४० टक्के’ ही नोंद मला अधिक मोलाची वाटली, कारण दहा मिनिटांच्या फेऱ्यात चार मिनिटे पूर्ण भार आणि उरलेली सहा मिनिटे मोकळी फिरत राहणे, या हिशेबाने तिची क्षमता ठरवलेली असते. दिवसभर सलग जाड थर काढण्याची आमची सवय त्यामुळे बदलावी लागेल.

स्विच स्टार-डेल्टा पद्धतीचा आहे. आधी स्टारवर ठेवून वेग पूर्ण येऊ द्यायचा, मगच डेल्टावर न्यायचे. स्टारमध्ये सुरुवातीचा करंट थेट डेल्टावर सुरू करण्याच्या सुमारे एक तृतीयांश राहतो. पहिल्या क्षणिक चाचणीत पाती उलटी फिरली, तेव्हा मामांनी मेन बंद करून दोन फेज आपसांत बदलले.

वीज जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, हेही आम्ही मुद्दाम मेन बंद-चालू करून पाहिले. भारनियमनाच्या दिवसांत पात्याजवळ हात असणाऱ्या कारागिरासाठी ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सागवानाची पहिली फळी दुपारी चार वाजता लावली.